तिसऱ्या गाण्यातली गर्दी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा पहिला नियम असा, की टेप फिरत असताना तोंड उघडायचं नाही. नवरदेव घोड्यावरून पडला तरी नाही. आपला आवाज टेपवर येतो आणि मग मुलीकडचे जन्मभर बोंबलतात. अकोल्याच्या जुन्या शहरात शाकीबनं हा नियम बारा वर्षं पाळला होता आणि त्याचा त्याला भलता अभिमान होता.

‘ढेकळं’ हे काय नाव झालं बँडचं? पण अकोल्याच्या चार पोरांनी ते ठेवलं होतं, आणि दोन हजार सहाच्या जानेवारीत त्यांनी आपल्या कॉन्सर्टची फिल्म करायला शाकीबला बोलावलं. किशोर गायचा, वऱ्हाडीत, घसा फाटेस्तोवर. हॉलमध्ये खुर्च्या सहाशे आणि माणसं सत्तर, त्यातले निम्मे नातेवाईक. कार्यक्रम संपला तेव्हा किशोरचं तोंड पार उतरलं होतं.

“गर्दीच नाई आली बे शाकीब. आता कसं?”

“तू कायले टेन्शन घेतो? लग्नात वराती कमी पडले तं मी दुसऱ्या लग्नातले टाकतो. गर्दी कोनाचीबी चालते.”

खोटं नव्हतं ते, धंद्यात सगळेच करतात. शाकीबनं जुन्या टेपा काढल्या. लग्नांतली माणसं एक तर जेवत होती, नाही तर पेंगत होती. हात वर करून बेभान झालेली गर्दी एकाच टेपवर होती, आणि ती टेप त्यानं दोन महिन्यांपासून कपाटात पार मागे सारून ठेवली होती.

तेव्हा दर्यापूरकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो नव्या मशीनच्या पूजेचं शूटिंग करायला गेला होता. दुपारचे चार वाजले असतील. आवारात कापसाची गंजी दुमजली घराएवढी. कॅमेरा तिच्यावरून फिरत असतानाच गंजीची एक बाजू सरकली. आवाज असा काही झालाच नाही. पायथ्याशी टोपलं भरणारी चतुराबाई नावाची मजूर बाई होती, ती दिसेनाशी झाली. टोपलं मधोमध सापडलं, म्हणून सगळे मधोमधच उपसायला लागले, दोन्ही हातांनी कापूस वर उधळत. शाकीबनं मात्र कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. तिचा हिरवा पदर डाव्या कडेला आत ओढला गेला होता.

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. त्यानं तोंड उघडलं नाही. कोणी तरी ओरडलंसुद्धा, “ठेव ना बाप्पा तो कॅमेरा, हात लाव!” वीस मिनिटांनी बाई सापडली. डाव्या कडेला. जीव गेलेला होता.

आता याला काय म्हणावं? शाकीबनं स्वतःची नाना परीनं समजूत काढून पाहिली होती, एकही टिकली नाही.

तर त्या टेपेतली चाळीस सेकंदं त्यानं तिसऱ्या गाण्यात घातली. मूळ आवाज पुसला, रंग निळा केला, वेग कमी केला. कापूस फुलांसारखा उडत होता आणि चेहरा कुणाचा ओळखू येत नव्हता. किशोर खुर्चीतून उडालाच. “अबे, काय गर्दी हाय!”

सीडी निघाली, केबलवर लागली आणि पोरं खुळावली. अकोल्यात, अमरावतीच्या हॉस्टेलांत, जिथं पाहावं तिथं तिसरं गाणं. कुठंही फिल्म लावली की पोरं खिशांत कापूस भरून आणायची आणि नेमकी त्या जागी दोन्ही हातांनी उधळायची. शाकीब एकदाच बघायला गेला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

मग फोन यायला लागले. “भाऊ, तिसऱ्या गान्यात मागं बाई कोन गाते?”

बँडमध्ये बाई नव्हती. हेडफोन लावून त्यानं ते गाणं वीसदा ऐकलं. गिटार, ड्रम, किशोर, बस. शेवटी किशोरलाच बोलावून ऐकवलं.

“हे काय, चांगलं ऐकू येते,” किशोर म्हणाला. “दबल्यावानी आवाज हाय. डाव्या अंगानं या, म्हनते. मले वाटलं तूच टाकला.”

शाकीबला तेव्हाही काही ऐकू आलं नाही. मार्चपर्यंत पोरांची नवी तऱ्हा सुरू झाली. तिसरं गाणं लागलं की अख्खी खोली नाचत नाचत डावीकडे सरकायची.

त्यानं मुकाट्यानं ती चाळीस सेकंदं कापली आणि तिथं किशोरचा चेहरा लावला. किशोरनं त्याला न विचारताच दर्यापूरच्या मंगल कार्यालयात फिल्मचा दुपारचा शो ठरवला होता. ही नवी सीडी घेऊन शाकीब तिथं गेला.

दाराशी विशीतली एक मुलगी उभी होती.

“मी प्राजक्ता. चतुराबाईची पोरगी. केबलवर मायचा आवाज वळखला मी.” ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. “ते डाव्या अंगानं या काहून म्हनते, भाऊ? तुमी तं शूटिंगले होते ना तिथं.”

“मले नाई माहीत,” शाकीब म्हणाला.

तिनं मान हलवली आणि आत जाऊन बसली. शाकीबला आपल्या पायांकडेही बघवेना.

तिसरं गाणं लागलं. कापलेली जागा आली, पडद्यावर नुसता किशोर. शाकीबनं श्वास सोडला, आणि तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षी दर्यापुरात बारा-बारा तास लाइट नसायची, त्यात नवल नव्हतं. चित्र गेलं, आवाज गेला. जाड पडद्यांच्या खिडक्यांतून थोडासा उजेड येत होता.

दोनशे पोरं उठली आणि डावीकडे सरकली.

कुणी हसलं नाही. कुणी शिटी मारली नाही.

डाव्या भिंतीशी सगळी गुडघ्यांवर बसली आणि जमिनीवरून काही तरी उपसून मागे फेकायला लागली. हातांत काहीच नव्हतं.

प्राजक्ता त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“मले दिसलं होतं,” शाकीब म्हणाला. “पदर दिसला होता. डावीकडं. मी बोललो नाई. शूटिंग चालू होतं.”



“मंग आता काहून सांगता? तवा सांगाचं होतं.”



तिनं ओढणी कमरेला बांधली, पोरांत जाऊन बसली आणि उपसायला लागली. किशोरही त्यांच्यातच उपसत होता. थोड्या वेळानं तिनं मान वळवली.

“या ना भाऊ. हात कमी पडून राहिले.”

शाकीब गेला. पोरांनी सरकून जागा दिली. त्यानं वाकून फरशीवर हात टेकले.

फरशी मऊ होती, आणि आतून कोमट.