हुकावरचं वजन

हे माझ्या स्वतःच्या गाडीत घडलंय. ऐकीव नाही. हसायचं असेल तर आताच हसून घ्या, नंतर कुणी हसलं की माझं डोकं फिरतं.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ... घाटाच्या अलीकडचा सरळ रस्ता, दोन्हीकडे मोकळं माळरान. गाडीत मी आणि आई. मागे जोडलेला ट्रेलर.

ट्रेलरमध्ये कुणीही नाही.

आधी ट्रेलर कशाला, ते सांगतो. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. तिने ताईकडे जायचा ध्यास घेतला होता, आणि ताईचं घर दिवसभराच्या अंतरावर. डॉक्टर म्हणाले, "थोड्या थोड्या वेळाने सपाट झोपवा. आणि धक्का बसू देऊ नका. एक जोराचा धक्का बसला तर पुन्हा पायांवर उभ्या राहायच्या नाहीत." म्हणून मी जुना ट्रेलर विकत घेतला. चाकांवरची खोलीच म्हणा ना. पुढच्या भिंतीला लागून पलंग, मागे दार, कोपऱ्यात इवलासा संडास, मधे जेमतेम चालण्यापुरती जागा.

ट्रेलर जोडला आणि माझ्या पिकअपचं बूड खाली बसलं. तोंड आभाळाकडे.

गल्लीचं टोक येईपर्यंत आई विव्हळायला लागली. मी शिव्या घालत परत फिरलो.

मग गॅरेजच्या खेपा सुरू झाल्या. शॉकअप बदलले. गाडी बसलेलीच. चाकांवरच्या कमानीचे पाटे जाड टाकले. तरी बसलेलीच, वर नुसता खडखडाट. मेकॅनिकला सगळे पैलवान म्हणायचे, अंगात काडीचा जोर नव्हता म्हणून. आवाज मात्र भरपूर. तो माझ्यावरच डाफरायचा.

"काय भरलंयस त्या ट्रेलरमध्ये? दगड?"

"एक गादी आणि दोन पातेली!"

"मग गाडी बसते कशाने?"

"ते तू सांग ना! मेकॅनिक तू आहेस की मी?"

रोज आई विचारायची, "झाली का रे गाडी?" रोज मी म्हणायचो, उद्या. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली होती.

शेवटी पैलवानाने हात टेकले आणि मागच्या बाजूला एअर स्प्रिंग बसवले. जाड रबराचे फुगे. हवा भरली की गाडीचं बूड उचलून धरतात. हवेचा काटा समोर, स्टिअरिंगच्या बाजूला. त्याने मला ट्रेलरमध्ये चढवून फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः काटा बघत ओरडत राहिला.

"पुढे ये... चढला! मागे जा... उतरला! कळलं का? वजन पुढे आलं की हुकावर भार पडतो, काटा चढतो. आत सामान हललं तर तुला इथे बसून कळेल."

मला तेव्हा त्या काट्याचं फार कौतुक वाटलं.

आणि खरंच, त्या शनिवारी गाडी लोण्यासारखी चालली. मागच्या सीटवर उशांना टेकून बसलेली आई म्हणाली, "अरे, चालू आहे ना गाडी?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. खडखड नाही, आदळआपट नाही. काही काही आवाज नाही.

म्हणूनच ते ऐकू आलं.

टप... टप... टप...

मी रेडिओ बंद करायला हात नेला. तो बंदच होता.

"मागे कोण चालतंय रे?" आई म्हणाली.

"कोण चालणार? पातेलं पडलं असेल." मी खेकसलोच. पुन्हा गॅरेज, पुन्हा पैलवान, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मग माझं लक्ष काट्याकडे गेलं.

काटा चढत होता. हळूहळू...

थांबला. मग उतरायला लागला. पुन्हा चढला. रस्ता सरळ, सपाट. साधा खड्डासुद्धा नाही.

कुणीतरी आत फेऱ्या मारत होतं.

मी गाडी कडेला घेतली. ट्रेलरचं कुलूप लावलेलंच होतं. दार उघडलं. पातेली जागच्या जागी, एकात एक. आत कुणी नाही. मी पलंगाखाली वाकून बघितलं, संडासाचं दार आपटून उघडलं. रिकामं. भीती नंतर वाटली. तेव्हा संतापच आला. इतकी मेहनत, इतकं डोकं फोडलं, आणि आता हे काय नवीन?

"मला आडवं व्हायचंय रे," आईने हाक मारली. "कंबर धरली."

काय करणार होतो मी? त्या रस्त्यावर दुसरी सपाट जागा नव्हती. तिला आधार देऊन आत आणलं, पलंगावर निजवलं. ती गादीवरून हात फिरवत राहिली.

"गरम आहे," ती म्हणाली. "कुणीतरी आत्ताच उठलंय इथून."

मी दारात उभा राहिलो, एक पाय आत, एक बाहेर. आई शांत पडून होती. मला मात्र एकेक क्षण जड झाला होता.

थोड्या वेळाने आईला परत गाडीत, मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो. मला वाटलं, पुन्हा फेऱ्या सुरू होतील. झाल्या नाहीत. एकदाच आवाज आला, टप... टप... पुढे येणारा. काटा चढला, आणि तिथेच राहिला. घाट चढलो, उतरलो. काटा हलला नाही.

ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला चिकटून उभं होतं ते. आईच्या पाठीमागे... जितकं जवळ येता येईल तितकं.

ताईच्या दारात पोचलो. भाऊजींनी आईला अलगद उतरवलं. मी गाडीतच बसून काट्याकडे बघत होतो. आई उंबऱ्याच्या आत गेली, आणि काटा झपकन खाली आला.

गाडीचं बूड वर उचललं गेलं. नव्या गाडीसारखं.

परतीच्या रस्त्यात एकही आवाज नाही. मी सुटलो म्हणालो. खरं सांगतो, मोठ्याने म्हणालो.

परवा ताईचा फोन आला. वैतागलेली होती.

"अरे, आईच्या पलंगाचं काय करू? पायाकडची बाजू खाली बसते. गादी बदलली, तरी बसते. दुकानदार म्हणतो, काय ठेवता त्याच्यावर? आई अंघोळीला गेलेली असते तेव्हासुद्धा दबलेलीच! तुझे भाऊजी म्हणतात, जाड स्प्रिंग टाकू."

मी म्हटलं, आईला फोन दे.

"आई... चालल्याचा आवाज येतो का गं अजून?"

"नाही रे," ती हळू आवाजात म्हणाली. "आता चालत नाही. बसून असतं."

पुढच्या महिन्यात तिला परत आणायचंय. पैलवान म्हणतो, गाडी एकदम तयार आहे, जराही आवाज येणार नाही.

मी त्याला म्हटलं, ते जुने खडखडणारे पाटे परत टाकता येतील का बघ.