जोडीचा काटा

प्रयोगशाळेच्या कपाटात रबरी हातोड्या चार, पोकळ लाकडी खोकी दोन आणि नादकाटे आठ होते. काटे नऊ हवे होते. दोनशे छप्पन्न कंपनांचे दोन काटे म्हणजे आमची जोडी. त्यातला एक गायब.

कुठे असेल ते ठाऊक होतं. गाण्याच्या सरांनी मुलांचा सूर लावायला नेला होता. सर तात्पुरते आलेले. मूळच्या बाईंची रजा उद्या, शनिवारी संपणार होती. आम्ही दोघं व्हरांड्यात भेटलो की "आज उकडतंय ना?" यापुढे गाडी कधी सरकली नव्हती. उद्यानंतर तेही विचारायला कुणी नसणार...

स्वतः जायचा धीर होईना. मी शिपाईमामांना पाठवलं.

"सरांना सांगा, मॅडमना जोडीचा काटा हवाय. आजच हवाय."

मामांना ऐकू कमी येतं, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी भर वर्गात काय जाहीर केलं ते मला नंतर कळलं : "मॅडमना जोडीदार हवाय. आजच हवाय!"

मला फक्त भिंतीपलीकडे गाणं थांबल्याचं आणि हशा पिकल्याचं ऐकू आलं. कुणीतरी बेसूर झालं असेल, असं मी धरलं.

थोड्या वेळानं सर दारात. केस ओले करून विंचरलेले.

"निरोप मिळाला," ते म्हणाले. "म्हणजे... नक्की कसा हवाय?"

"जसा आहे तसाच."

"जसा आहे तसा?" त्यांचा चेहरा उजळला.

"फक्त कुठे वाकलेला नको. आणि टोला दिला की लगेच बोलला पाहिजे."

"टोला... देणार?"

"हळूच. रबरी हातोडीनं."

ते एक पाऊल मागे सरकले. "मी घरी आईला विचारून—"

"आईला कशाला? शाळेचाच तर आहे!"

"शाळेचा मी उद्यापर्यंतच आहे, मॅडम."

दाराआडून मामा खुसखुसले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मामा! काय सांगितलंत तुम्ही?"

"तुम्ही म्हणालात तेच. जोडीदार!"

"काटा, मामा! जोडीचा काटा!"

"मग तसं मोठ्यानं बोलायचं ना! आता पोरं बसनं घरी गेली की आसपासच्या चारही गावांत पोचेल." आणि मामा घंटा द्यायला पसार झाले.

माझे कान तापले होते. सरांनी खिशातून काटा काढला. एका टोकाला मेणाचा ठिपका होता.

"खुणेसाठी लावलं. खरं तर दुसऱ्याच दिवशी परत करणार होतो. पण वाटलं, काटा मागायला तरी तुम्ही याल..."

"मी मामांना पाठवलं."

"हो ना. मग तो निरोप... सगळाच चुकीचा होता का?"

मी दोन्ही काटे खोक्यांवर बसवले आणि टोले दिले. आवाज फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा.

"याला विस्पंद म्हणतात," मी म्हणाले. "दोन सूर अगदी जवळ आले, पण जुळले नाहीत, की असं हेलकावतं."

"मग अडतंय कुठे?"

"मेणावर. तेवढ्या वजनानंही सूर उतरतो."

त्यांनी नखानं मेण खरवडलं.

"'आजच' एवढं सोडलं तर निरोप बरोबर होता," मी काट्यांकडे बघत म्हणाले. "आईला विचारा... आणि रविवारी घरी या."

मी पुन्हा टोले दिले. दोघांनी कान खोक्यांजवळ नेले.

दर सेकंदाला विस्पंद : शून्य.