फर्गस टूहीने न केलेला अर्ज

फर्गस टूही जिना चढून आला तेव्हा त्याच्या हातात टोपी होती आणि कोटाच्या खिशात दोन पत्रं. एक त्याला आलेलं, दुसरं त्यानं लिहिलेलं.

"माझ्या नावानं कुणीतरी सरकारकडे अर्ज केलाय, बाई," तो म्हणाला. "खोटी सही करून."

आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या औषधाच्या दुकानावरच्या त्या खोलीत डर्व्हला हॅनरहन नऊ वर्षं लोकांची कोडी सोडवत होती. त्याआधी बावीस वर्षं तिनं कल्याण खात्यात असलेच अर्ज तपासले होते. तिचा दीर मॅलकी गाडी चालवायचा, चहा करायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

आलेल्या पत्राला अर्जाची काळी-पांढरी छायाप्रत जोडली होती. घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांना मिळतो, त्या भत्त्याचा अर्ज. 'अर्ज पोचला. डॉक्टरांचा भाग तेवढा भरून पाठवा,' असं खात्यानं कळवलं होतं.

"तुम्ही कुणाला सांभाळता?"

"बायकोला. इमेल्डाला. तीन वर्षं झाली, तिच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललंय." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "पण मी नालबंद आहे. चाळीस वर्षं घोड्यांच्या खुरांवर पोट भरलं, कुणापुढे हात पसरला नाही. आणि हा अर्ज तर खोटा. उद्या लोक मलाच लबाड म्हणतील."

"संशय कुणावर?"

"मुलावर. रोनन गॉलवेला असतो. वर्षभर माझ्यामागे लागलाय, हा अर्ज भरा म्हणून. दोन आठवडे मी त्याचा फोन उचललेला नाही."

दुसरं पत्र डर्व्हलानं वाचलं. अर्ज बनावट आहे, चौकशी करून करणाऱ्याला पकडा, असं त्यात होतं.

"हे कधी टाकणार?"

"शुक्रवारी."

"म्हणजे माझ्याकडे तीन दिवस आहेत. इथं एक सही करा बघू."

त्यानं केली. कधीतरी घोड्याच्या लाथेनं मोडलेला अंगठा वाकडा जुळला होता आणि सहीसुद्धा तशीच होती, काटेरी तारेच्या गुंत्यासारखी. अर्ज मोठ्या छापील अक्षरांत भरलेला होता. त्याखालची सही मात्र नेटकी, गोलाकार होती.

"मुलगाच," गाडीत मॅलकी म्हणाला. "उघड आहे, वहिनी."

"तुला उघड वाटलं की मला काळजी वाटते."

फर्गसच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ इमेल्डा बसली होती. मांडीवर टॉवेल. ती घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. पाहुण्यांकडे बघून ती गोड हसली.

डर्व्हलानं अर्जातली एकेक ओळ वाचून दाखवली. "आठवड्याला तीन दिवस काम करता?"

"ते गेल्या वर्षी. आता दोन सकाळीच जातो. हिला एकटं ठेवता येत नाही."

"कामासाठी पांढरी व्हॅन?"

"विकली गेल्या एप्रिलमध्ये. रोननच गिऱ्हाईक घेऊन आला होता."

"हा फोन नंबर?"

"तो मोबाइलचा. नाताळच्या आधी बंद केला."

"कपडे घालायला मदत लागते, बटणं लावता येत नाहीत. आंघोळीच्या पाण्याला घाबरते, आधी मनगटावर ओतून दाखवावं लागतं."

"बटणांचं खरं आहे. पण पाण्याला? पाण्यात बसली की उठायला तयार नसते ती."

खिडकीत जुनी बिलबुकं रचून ठेवली होती. डर्व्हला ती चाळू लागली.

"ते सगळं इमेल्डाचं खातं," फर्गस म्हणाला. "मी घोडा धरायचो, ती कागद धरायची. मला कागद बघितला की घाम फुटतो."

रोननला डर्व्हलानं अंगणातून फोन लावला.

"मी भरला असता तर बाबांना समोर बसवून भरला असता," तो म्हणाला. "भांडलो असतो, पण चोरून नाही." मग त्यानं विचारलं, "आई जेवते का नीट? आणि बाबांना सांगा, मी रागावलेलो नाही."

दगडी कुंपणापलीकडे शेजारीण अट्रॅक्टा कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"अर्जाचं काय बिनसलं?" तिनं आपणहून विचारलं. "निळ्या शाईनं भरला म्हणून परत आला की काय? सरकारचा काही नेम नाही."

"परत नाही आला. तुम्ही इमेल्डाला कधीपासून ओळखता?"

"शाळेपासून. हिच्या आईलाही हाच आजार. सहा वर्षं हिनं तिला याच घरात सांभाळलं. म्हातारी पाणी बघून किंचाळायची, मग इमेल्डा तिच्या मनगटावर थेंब थेंब ओतायची. 'बघ, आई, कोमट आहे.' मी स्वतः बघितलंय."

परत निघताना मॅलकी म्हणाला, "ही बाई फार बोलते. हिनंच केलाय."

"अर्धं बरोबर," डर्व्हला म्हणाली. तो इतका चकित झाला की वळण चुकला.

गुरुवारी दुपारी फर्गसच्या टेबलाभोवती चौघं बसले. इमेल्डा चुलीजवळच होती. अट्रॅक्टानं केक आणला होता, पण तो कुणी कापला नाही.

"या अर्जातल्या चुका बघा," डर्व्हला म्हणाली. "व्हॅन, फोन, कामाचे दिवस. एप्रिलच्या आधी यातलं सगळं खरं होतं. म्हणजे अर्ज तेव्हाच भरलाय, आणि पाठवलाय मात्र आत्ता. रोनननं नव्यानं लिहिला असता तर त्यानंच गिऱ्हाईक आणून विकलेली व्हॅन त्यात आली नसती."

"एप्रिलआधी इमेल्डा स्वतः आंघोळ करायची," फर्गस म्हणाला. "बटणं लावायची. मग ते कुणाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. पुढे काय येणार ते कुणीतरी आठवणीतून लिहिलं. पाण्याची भीती इमेल्डाची नाही, तिच्या आईची आहे. या आजारात काय काय होतं ते लिहिणारीनं सहा वर्षं जवळून पाहिलं होतं."

फर्गस चुलीकडे वळला.

डर्व्हलानं बिलबुक उघडून अर्जाशेजारी ठेवलं. दोन्हीकडे तीच गोल, नेटकी सही. "तीस वर्षं तुमच्या नावाची सही इमेल्डाबाई करत आल्या. त्यांच्या लेखी ही खोटी नव्हती. तुमची सही म्हणजे हीच."

फर्गसनं बिलबुक जवळ ओढून सहीवरून वाकडा अंगठा फिरवला.

"मग टाकला कुणी?" मॅलकीनं विचारलं.

"माझ्याकडे छायाप्रत होती, काळी-पांढरी. शाई निळी आहे हे मलाही माहीत नव्हतं. अट्रॅक्टाबाईंना माहीत होतं."

अट्रॅक्टानं हात मांडीवर घेतले. "दीड वर्षापूर्वी ती पाकीट घेऊन आली. म्हणाली, 'आज टाकला तर फर्गस फाडून टाकेल, त्याला वाटेल मी बरी आहे. ज्या दिवशी मी विचारीन की हा माणूस कोण, त्या दिवशी टाक.' माझ्याकडून शपथ घेतली. कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"आणि तिनं विचारलं?" फर्गसचा आवाज खाली गेला होता.

"महिना झाला. तू अंगणात लाकडं फोडत होतास. मला म्हणाली, 'तो बिचारा एवढं राबतोय. त्याला कुणी जेवायला घालतं का?' मी घरी गेले, रडले, तारीख घातली आणि पाकीट टाकलं. रोननवर तू उलटशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही, फर्गस. माझं चुकलं."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मला ओळखत नाही ते. मी कुणाला सांगत नव्हतो."

डर्व्हला पुढे झुकली. "भीक म्हणून हा अर्ज खात्यात आम्ही कधी तपासला नाही. ज्याला आजारी माणसाचा हात धरून बसायला कामावरची सकाळ सोडावी लागते, त्याच्यासाठी तो आहे. आता तुमच्या हातानं खरी माहिती आणि तुमची सही घालून नवा भरा. शुक्रवारचं पत्र टाकू नका, ही छायाप्रत माझ्याकडे द्या, खात्याला काय झालं ते मी समजावून सांगते."

फर्गस उठला, इमेल्डाच्या मांडीवरून घसरलेला टॉवेल उचलून तिच्या हातात दिला. मग भिंतीजवळ जाऊन फोन फिरवला. पलीकडून रोनन घाईघाईनं काहीतरी बोलला. फर्गसनं ऐकून घेतलं. माफी मागणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"डॉक्टरांकडे जायचंय," तो म्हणाला. "सोमवारी अकरा वाजता. गाडी तू चालव. मी मागं बसतो, तुझ्या आईजवळ."