सडेवाडीचं वाळवण

सकाळी सहाच्या ठोक्याला सडेवाडीतले सगळे मोबाइल एका सुरात बोलले. आज आपल्या अंगणी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी पर्जन्यवृष्टी होईल, ती बावीस मिनिटे टिकेल, कृपया वाळवण घालू नये. आवाज बाईचा होता, गोड होता, आणि मराठी इतकं शुद्ध होतं की सडेवाडीत त्यावर कुणाचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. पार्वतीकाकी गोताड पंच्याहत्तरीची, वाळवणाच्या बाबतीत गावचा शेवटचा शब्द. तिनं पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "घाला गो. पुण्याच्या बायला आमचा कातळ काय ठावक?"

एव्हाना देशात आभाळाकडे बघून कुणी काही ठरवत नसे. 'अंगणवेध' सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. पूर्वी हवामानाचा अंदाज जिल्ह्याचा असायचा, आणि जिल्हा एवढा मोठा की अंदाज कुठे ना कुठे खरा ठरायचाच. अंगणवेध मात्र प्रत्येक अंगणाचा वेगळा. प्रत्येक मोबाइलमध्ये आणि विजेच्या प्रत्येक खांबावर हवेचा दाब, उष्णता, ओलावा मोजणारा ज्वारीच्या दाण्याएवढा कण बसवलेला. ती सगळी मोजमापं पुण्यातल्या महासंगणकाकडे जात, आणि तो पहाटे हिशेब मांडून कुणाच्या दोरीवरचे कपडे किती वाजता भिजणार ते सांगून मोकळा होई. शहरात लोक दहा मिनिटांसाठी छत्री भाड्यानं घ्यायचे आणि अकराव्या मिनिटाला परत करायचे. इतका तो बरोबर असे.

सडेवाडीच्या माहितीत चुकायचा तो फक्त सडेवाडीत. तेही मे महिन्यात, वाळवणाच्या दिवशी. पाऊस येणार म्हणायचा आणि येत नसे. सडेवाडीला याचा मनस्वी आनंद व्हायचा.

त्या दिवशीही कुणी ऐकलं नाही. गावामागचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं, उन्हापावसानं काळंकुट्ट पडलेलं सपाट माळरान. चाळीस घरांतल्या बायका दहाच्या सुमारास तिथं पोचल्या. वाळवण एकटीनं घालायचं नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी घालायचं, म्हणजे कावळे हाकायला आणि गप्पा मारायला माणसं पुरतात, अशी तिथली रीत. घरटी सहा-सात पांढरी धोतरं कातळावर अंथरली गेली, त्यांवर फणसपोळीची ताटं, पोह्यांचे पापड, सांडगे. अडीचशे धोतरांनी सडा पांढरा झाला.

कडेच्या खांबाखाली कुंदा तोडणकर मांडी घालून बसली होती. वय एकसष्ट. मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीत तीस वर्षं काढून ती गावी परतली होती, पण हाताची खाज काही निवृत्त झाली नव्हती. खांबावर होतं ते तिचं हवामान केंद्र. बोटभर लांबीचा एक छोटा नियंत्रक, म्हणजे मोजमापं गोळा करून रेडिओनं पाठवणारी चिप. उष्णतामापकावर सावली धरायला उपड्या ठेवलेल्या आठ प्लास्टिकच्या बशा. वाऱ्याचा वेग मोजायला आमटीच्या तीन डावांच्या कापलेल्या वाट्या. पावसासाठी नरसाळं आणि त्याखाली चिमुकली डुगडुगी: एक बाजू भरली की ती कलंडते, दुसरी वर येते, आणि किती वेळा कलंडली ते चिप मोजते. हे सगळे आकडे कुंदाच्या हातातल्या साबणाच्या डबीत उमटायचे, कारण डबीत तिनं पडदा बसवला होता. पहिल्या आठवड्यात डबीनं वाऱ्याचा वेग शून्य दाखवला होता. वादळात शून्य कसा, म्हणून कुंदा धावत आली तर डावाच्या वाटीत कावळा ऐटीत बसलेला. गाव आठ दिवस हसलं. पण नंतर सगळ्यांना डबीचा इतका लळा लागला की बायका एकमेकींना "आज डबी काय म्हंते?" असं विचारू लागल्या.

केंद्र उभारण्यामागे कुंदाचा हेतू सरळ होता. पुण्याला खोटं पाडायचं आणि तेही आकड्यांनी. दोन वर्षं तिनं वही लिहिली आणि मग अंगणवेधच्या कार्यालयाला सविस्तर पत्र पाठवलं. त्याचा परिणाम म्हणून त्या दिवशी तिच्या शेजारी डॉ. रेहाना मुकादम बसल्या होत्या. अंगणवेधचं गणित रचणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, माहेर राजापूरकडचं, त्यामुळे फणसपोळीचं ताट बघून जीव कासावीस झालेला.

तीन चाळीस झाले. पश्चिमेकडून आलेला ढग सड्यावर थबकला आणि पुढं डोंगराकडे निघून गेला. डबीवर पाऊस शून्य. बायकांनी टाळ्या पिटल्या. पार्वतीकाकीनं शास्त्रज्ञ बाईंना फणसपोळीचा तुकडा दिला, आणि राग मानू नका, तुमची काय चूक, तुम्ही तिकडं लांब, अशी समजूतही घातली.

रेहाना खात खात वही चाळत होत्या. कुंदानं प्रत्येक तारखेपुढे कोपऱ्यात 'आज वाळवण' किंवा 'आज नाही' असं लिहिलं होतं. कशासाठी? तर वाळवणाच्या दिवशी पोरं खांबाशी खेळतात, आकडा विचित्र आला तर कारण कळावं. रेहानांनी ती पानं दोनदा उलटली. 'आज नाही' लिहिलेल्या दिवशी पुण्याचा अंदाज दर वेळी बरोबर आला होता. मग त्यांनी कुंदाकडून सुटा उष्णतामापक मागून घेतला, उघड्या कातळावर ठेवला, मग धोतराखाली ठेवला. छप्पन्न अंश आणि एक्केचाळीस अंश.

"कुंदाताई, अंदाज चुकत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "पाऊस खरंच येतो. तुम्ही तो पडू देत नाही."

कुंदाला वाटलं, बाईंना ऊन लागलं. तेव्हा रेहानांनी नीट समजावून सांगितलं. मे महिन्यातल्या दुपारची हवा म्हणजे उतू जायच्या बेतात आलेलं दूध. समुद्रावरून आलेली ओली हवा तापलेल्या कातळावर येते, कातळ तिला वर फेकतो, वर गेली की ती गार होऊन पाऊस होते. पण उतू जाणारं दूध चमचाभर पाण्यानं खाली बसतं. सडेवाडीची अडीचशे धोतरं म्हणजे ते चमचाभर पाणी. कातळ पंधरा अंशांनी गार झाला की हवेला वर उचलायला बळ पुरत नाही आणि ढग पुढं सरकतो. अशा जागांना त्यांच्या गणितात 'कळीची जागा' म्हणत. जिथं माणसाच्या हातानं होणारा लहानसा फरक आभाळाचा निर्णय बदलतो. अशी जागा असू शकते हे त्यांनी कागदावर सिद्ध केलं होतं. प्रत्यक्षात कुणी पाहिली नव्हती.

"मग तुमच्या संगणकाला धोतरं दिसली नाहीत?" कुंदानं विचारलं.

"उपग्रहातून दिसायची. पण त्यानं ती चूक समजून गाळली. पावसाचा इशारा दिल्यावर माणसं वाळवण घालत नाहीत, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं."

कुंदा इतकी हसली की डबी हातातून पडली. म्हणजे पुण्यावर विश्वास नाही म्हणून वाळवण घालायचं, वाळवण घातलं म्हणून पाऊस जायचा, आणि पाऊस गेला म्हणून पुण्यावर विश्वास ठेवायचा नाही. गावाला हे कळायला अर्धा तास लागला, पण कळलं तेव्हा सड्यावर दिवाळी झाली. पार्वतीकाकीला दोघींनी उचलून धरलं. तिनं खाली उतरल्यावर आभाळाकडे मान वर करून पाहिलं आणि नव्यानं ओळख झाल्यासारखी मान हलवली. रेहाना मुकादम चाळिशी उलटलेली बाई, पण आयुष्यभराचं गणित पायाखाली खरं झालेलं बघून त्यांनी चपला काढून तापल्या कातळावर गिरकी घेतली आणि पाय भाजून घेतले. कुंदाला असा आनंद नोकरीत पहिला टॉवर सुरू झाला तेव्हाही झाला नव्हता.

चहा पिता पिता तिनं सहज विचारलं, की मग तो ढग जातो कुठं?

रेहानांनी डोंगराकडे बोट केलं. "पुढच्या चढणीवर. नागझरला. तिथं त्या दिवशी कोरडं राहील असं आम्ही सांगितलेलं असतं."

कुंदानं चहा खाली ठेवला. नागझरला तिची थोरली बहीण दिली होती, मंदाअक्का. नागझर पडलं शहाणं गाव, अंगणवेधवर डोळे मिटून विश्वास ठेवणारं. मोबाइल म्हणाला कोरडं, की अक्का वाळवण घालायची, आणि सलग चार वर्षं तिचं वाळवण भिजलं होतं. अक्काच्या हाताला यश नाही असं सासरी बोललं जाऊ लागलं. शेवटी तिलाही ते पटलं आणि गेल्या वर्षी तिनं फणस झाडावरच पिकून पडू दिले. कुंदानं तेव्हा आपली फणसपोळी तिला पाठवली होती आणि फोनवर चिडवलंही होतं, की तुला मेली वेळच साधता येत नाही. आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. अक्कानं तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग अक्का हसायला लागली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली.

"म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती, कुंदे?"

"नव्हती गो, अक्का."

"एवढं कळलं, बस झालं मला," अक्का म्हणाली. पण बस झालं नव्हतं. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं की सोळा तारखेला झाडाचे शेवटचे फणस उतरवायचे आहेत, तर तेव्हा जमेल का.

सोळा तारखेला मोबाइल म्हणाला, सडेवाडीला पाऊस दोन वाजून दहा मिनिटांनी. सडेवाडीचीही दुसऱ्या खेपेची फणसपोळी घालायची होती. कुंदानं पार्वतीकाकीच्या ओटीवर सगळ्यांना गोळा केलं आणि मंदाअक्काची हकीगत सांगितली. कुणी वाद घातला नाही. काकीनं आपली सातही धोतरं घडी करून पेटीत टाकली आणि म्हणाली, "आमी चार वर्षां खाल्ली. आता तिला खाव द्या."

दोन वाजून दहा मिनिटांनी उघड्या, काळ्या कातळावर पाऊस कोसळला. अख्खं गाव सड्यावर भिजायला गेलं होतं, स्वतः आणलेला पाऊस अंगावर घ्यायला. रेहाना मुकादम पुण्याहून खास आल्या होत्या. डबीवर डुगडुगीचा आकडा भराभर चढत होता, आणि प्रत्येक आकडा कुंदा ओरडून सांगत होती. संध्याकाळी अक्कानं फोनवर ताटाचं चित्र दाखवलं: मधासारख्या रंगाची, खडखडीत वाळायला लागलेली फणसपोळी. दोघी बहिणी कितीतरी वेळ नुसत्या एकमेकींकडे बघून हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाच्या दारात एक माणूस मोटारसायकल लावून उभा राहिला. पन्नाशीचा, घामानं भिजलेला, हातात टोपी. विश्राम जोगले, नागझरचा, काजूच्या कलमांची रोपवाटिका करणारा. कुंदानं त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. तो भांडायला आला नव्हता. गेली चार वर्षं मेमध्ये अंदाजात नसलेला पाऊस नेमका यायचा आणि विहीर तळाला गेलेली असताना त्याची रोपं तरायची. देवाची कृपा, असं तो म्हणायचा. परवा त्याला मंदाअक्काकडून सगळं कळलं. तरी काल त्यानं आशेनं दिवसभर वाट पाहिली. रात्री शेवटची घागर दिली, तरी तीन हजार रोपं माना टाकून बसली.

"तुम्ही पाऊस का अडवलात, एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला.

"अहो, आम्ही काही अडवलं नाही," कुंदा घाईघाईनं म्हणाली. "काल आम्ही काहीच केलं नाही. एक धोतरसुद्धा अंथरलं नाही."

विश्रामनं मान डोलावली. तेही त्याला माहीत होतं.

"तेच विचारतोय मी, ताई. का नाही अंथरलंत?"

कारण कुंदाला ठाऊक होतं: अक्काची फणसपोळी. आभाळाच्या मनात होतं ते झालं, असं कालपरवापर्यंत कुणीही म्हणालं असतं आणि समोरच्याला ते पटलंही असतं. तिनं विश्रामला बसायला सांगितलं आणि आत जाऊन रेहानांना फोन लावला. पुढच्या पावसाची तारीख तिला हवी होती. तो कुणावर पाडायचा, हे आता तिला सांगावं लागणार होतं.