डाव्या पिळाचा दोरा

मिरजेच्या त्या कारखान्यात सकाळी लाखेचा वास सुटला, की कुमुदिनीला तीस वर्षांपूर्वीचा आपला पहिला दिवस आठवे. तेव्हा माळ्यावर भोपळे वाळत, कोपऱ्यात रेडिओ गुणगुणे आणि मुख्य कारागीर बाबालालभाई डोळे मिटून तंबोऱ्याची जवारी काढत. तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि स्वर फुलेपर्यंत दम धरायचा. आता भोपळे यंत्राच्या उबेत चार दिवसांत वाळत. जवारी मात्र अजून बाबालालभाईंच्या कानावरच होती.

आणि तोच कान गेल्या दिवाळीपासून दगा देत होता. डॉक्टरांचं नाव काढलं, की ते म्हणत, "माझा कान ठणठणीत आहे. तुमचेच आवाज बसलेत." ते जेवायला गेले, की कुमुदिनी त्यांच्या तंबोऱ्यांचे दोरे गुपचूप बदलून ठेवी. पण असं किती दिवस चालणार? एखादा फसलेला तंबोरा गवयाच्या हाती पडला, की त्यांचं चाळीस वर्षांचं नाव बुडालंच.

म्हणून आज स्वतः मागवलेलं खोकं फोडताना तिला धीर निघत नव्हता. आत स्पर्शपट्टी होती. घावनासारखी पातळ, मनगटावर बांधायची. हवेतलं बारीकातलं बारीक कंपन ती कातडीवर उमटवी आणि वरच्या छोट्या काचेवर रेघेने दाखवी. जन्मतः बहिऱ्या मुलांना गाणं कळावं, म्हणून ती बनवली होती.

"मला यातलं काही कळत नाही," कुमुदिनी साळसूदपणे म्हणाली. "तुम्ही जरा बांधून बघता?"

"बहिऱ्यांची वस्तू मला कशाला?" त्यांनी पट्टी बाजूला सारली.

मग मात्र तिला राहवेना. आठ महिने तुमचे तंबोरे मी सावरतेय, असं ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाबालालभाईंनी मानही वर केली नाही. "माहीत आहे. दोरा तू डावीकडे पिळतेस, मी उजवीकडे. रोज संध्याकाळी बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर ते खरं झालं असतं."

थोड्या वेळाने त्यांनीच हात पुढे केला. तिने पट्टी बांधली आणि खर्जाची तार छेडली. म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कानस दोनदा फिरवली, दोरा केसभर सरकवला, आणि स्वर असा उमलला, की पॉलिशवाले हातातलं काम टाकून दारात आले. कुमुदिनीच्या अंगावर काटा आला. असा तंबोरा तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पण ते थांबेनात. "वर, अगदी वर, एक बारीक धार आहे. किंचित वाकडी. ऐकलीस?"

तिने तारेला कान लावला. काहीच नव्हतं. पॉलिशवाल्यांनाही काही ऐकू येईना. पट्टीच्या काचेवर मात्र एक रेघ थरथरत होती, माणसाचा कान पोचत नाही तिथे. बाबालालभाईंनी कानस एकदाच फिरवली. रेघ स्थिर झाली.

मनगटावरची पट्टी सोडून त्यांनी ती तिच्यापुढे धरली. डोळे नुसते हसत होते.

"काय कुमुद, बांधून घेतेस, की तुझाही कान ठणठणीत आहे?"