बारा गावांचं राज्य

शहाद्याचा युसुफ पेंटर वीस वर्षं लोकांना रस्ते दाखवत आला होता, पण त्या रस्त्यांनी तो स्वतः फारसा गेला नव्हता. कुठं धबधबा, कुठं देऊळ, किती किलोमीटर, बाण डावीकडे की उजवीकडे, हे सगळं तो दुकानात बसूनच पत्र्यावर रंगवायचा. त्यामुळे भादव्यात आमलीपाड्याच्या बोर्डाचं काम आलं, तेव्हा त्याची बायको सकिना हटूनच बसली.

"इतला बोर्ड रंगाडात, एक बी ठिकान माले दखाडं नहीं. यंदा मी येस."

काम सोपं होतं. म्हसावदच्या वर, सातपुड्यात, आमलीपाड्याच्या टेकाडावर जुन्या किल्ल्याचे दगड होते. बारा गावांचा कुणी राजा तिथं राहायचा म्हणे. तिथं पाहण्यासारखं काय काय आहे ते बघून यायचं आणि बोर्डावर लिहायचं. दोघं स्कूटरवर निघाली आणि दुपारी पाड्यावर पोचली. सगळं गाव निंदणीला गेलं होतं. रस्त्याकडेला चहा विकणारी रमिलाबाई तेवढी भेटली.

"वर काही नाही आता," ती म्हणाली. "दगड आहेत. पायवाट एकच आहे, चुकणार नाही."

वाट खरंच चुकली नाही. गुडघ्याएवढं ओलं गवत तुडवत दोघं वर आली, तेव्हा ऊन होतं. युसुफनं वही काढली. पडक्या जोत्यांच्या दोन-तीन रांगा, एक बुजलेला खड्डा, बाकी झुडपं. लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. तो हिरमुसला. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. आधी झुडपं गेली, मग जोती गेली, मग दोन हातांवरची सकिनाही पुसट झाली. पाखरांचा आवाज थांबला. ओल्या चुन्याचा वास यायला लागला, नव्या भिंतीला येतो तसा.

"पाहुणे का?" कुणीतरी हळूच विचारलं.

एक म्हातारा उभा होता. धोतर, अंगरखा, हातात काठी. चेहरा हसरा.

"या. राज्य लहान आहे आमचं. पण पाहण्याजोगं पुष्कळ आहे."

पाड्यानं कुणीतरी माहीतगार पाठवला असावा, असं युसुफला वाटलं. बरं वाटलं त्याला. म्हातारा पुढे, मागे युसुफ, त्याच्या मागे सकिना.

"हा हत्तीदरवाजा. हत्ती एकच होता, पण दरवाजा त्याच्या मापाचा आहे."

आणि धुक्यात दरवाजा होता. काळाभोर, दोन पुरुष उंच. युसुफ त्याच्याखालून गेला तेव्हा अंगावर गार सावली पडली. पुढे पायऱ्यांची विहीर आली. तळातून पाण्याचा आवाज येत होता. मग एक भिंत आली आणि युसुफचे पाय जागीच थांबले. भिंतभर घोडे रंगवले होते. त्यातला हिरवा रंग आयुष्यभर डबे घोटूनही त्याला कधी साधला नव्हता. त्यानं बोट लावलं. रंग ओला होता.

"कोन काढी ऱ्हायनं हाई?" त्यानं विचारलं.

"चितारी आहे आमचा," म्हातारा म्हणाला. "पुढं या. शेवटचं ठिकाण राहिलं. राजाची बैठक. तिथून बाराही गावं दिसतात..."

युसुफ वहीत नावं उतरवत चालला होता. इतका हरखला होता की धुक्यात गावं दिसतील कशी, हेही त्याच्या मनात आलं नाही. मागून सदऱ्याला ओढ बसली. सकिना एका दगडावर खाली बसली होती आणि तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"काय व्हयनं?"

"मी बठनू. मी आते उठाव नहीं. तू बी बठ."

"अगं, एकच ठिकान ऱ्हायनं..."

तिनं त्याला ओढून वाकवलं आणि कानात सांगितलं, "आपला कपडा देख. गुडघालोंग वल्ला. त्यानं धोतर देख..."

युसुफनं पाहिलं. म्हातारा त्याच गवतातून चालत आला होता. त्याचं धोतर कोरडं, पांढरंशुभ्र होतं. खालपर्यंत.

युसुफ बसला.

"पाहुणे," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चार पावलं आहेत..."

सकिनानं सदऱ्यावरची मूठ आणखी आवळली.

"सगळे इथूनच परत जातात. शेवटचं कुणी पाहत नाही. चला ना..."

"बाबा," सकिना म्हणाली, "तुम्हनं राज्य भलतं चांगलं शे. आम्हनं देखाई गयं."

म्हातारा उभाच राहिला. किती वेळ, कोण जाणे. सकिना ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत होती. युसुफनं तिचा हात धरला होता. मग गालाला वारा लागला, कुठंतरी बकरी ओरडली आणि धुकं चादर ओढावी तसं सरकत गेलं. समोर तीन पावलांवर जमीन संपत होती. खाली दरी, तळाशी ओढ्याची चकाकती रेघ, आणि त्यापलीकडे लांबवर विखुरलेले पाडे. ऊन पडलेलं. युसुफला रडू आलं. मग ती दोघं हसायला लागली, आणि हसू थांबेचना.

खाली रमिलाबाईनं त्यांचे चेहरे पाहिले आणि न विचारता चुलीवर चहा ठेवला.

"धुकं आलं?" तिनं विचारलं. "ऊन होतं, म्हणून आधी बोलले नाही." आणि लगेच, "बसलात ना खाली? बसलं की काही नाही. आमची पोरंही बसतात. तो कुणाला हात लावत नाही. नुसतं दाखवतो."

तो चहा किती गोड लागला, हे सकिना पुढे कित्येक दिवस सांगत राहिली.

युसुफनं बोर्ड रंगवला. दरवाजा, विहीर, भिंत यांतलं काही लिहिलं नाही. वर मोठ्या अक्षरांत 'जुना किल्ला' आणि खाली लाल रंगात, कुणी न सांगता, स्वतःच्या मनानं एक ओळ टाकली : धुकं आलं तर आहात तिथेच खाली बसा. बोर्ड लागला तेव्हा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. रात्री झोप लागायला लागली.

दिवाळीच्या सुमारास नवापूरहून फोन आला. रतिलाल नावाचा कोंबड्यांचा व्यापारी होता. बोर्डाच्या कोपऱ्यात पेंटरचा नंबर होता, तिथून त्यानं घेतला.

"तुम्हना उपकार मानाले फोन करा, भाऊ. धुकं उनं, जराखं फिरनूत, मंग बोर्डवरलं याद उनं, बठी गऊत. धुकं गयं तं समोरच दरी. पोरंसोरं संगे व्हतात."

"अल्लानी मेहेर," युसुफ म्हणाला, आणि खरोखरच त्याला भरून आलं.

"तठला म्हातारा बी भला मानूस. समदं दखाडं त्यानी. दरवाजा, विहीर, भिंत. मंग एक दगड दखाडा. म्हने, हाई सकिनाबाईनी बैठक. शहादानी सकिनाबाई आठे बठनी व्हती."

वीस वर्षांत युसुफनं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. त्या टेकाडावर तिचं नाव कुणीच घेतलं नव्हतं.

"तुम्हना वळखनी शे का ती?" रतिलाल विचारत होता. "म्हातारानी निरोप देयेल शे. म्हने, तिनं एक ठिकान देखानं ऱ्हायनं. मी वाट देखी ऱ्हायनू."