सात चुलींचं बेट

एव्हारिस्तो बेटावर उतरला तेव्हा सातही घरांतून धूर निघत होता, दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि कुठल्याशा रेडिओवर कुणीतरी बेसबॉलवरून तावातावाने भांडत होतं. माणूस तेवढा दिसत नव्हता.

त्याने पहिलं दार ठोठावलं. दुसरं. तिसऱ्या घरात ताट वाढलेलं होतं. खोबरेभातावर अजून वाफ होती...

"त्यांचं जेवण व्हायचंय अजून," मागून आवाज आला.

तो दचकून वळला. कडेवर लाकडाची मोळी घेतलेली मुलगी – केसांत खारा वारा, डोळ्यांत हसू.

"कुणाचं?"

"मामाचं. तुम्ही कोण?"

तो परराष्ट्र खात्याचा कोराकरकरीत वकील. हे बेट की नुसता खडक, एवढंच ठरवायला आला होता. इथे वस्ती असेल तर बेट, आणि भोवतालचा अफाट समुद्र मासळी-तेलासकट देशाचा. नसेल तर खडक, आणि वाट्याला पाण्याचा चिंचोळा पट्टा. खात्याला बेट हवं होतं. खरं काय, हे खात्याने विचारलंच नव्हतं.

ती मुलगी ओदालिस. संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. अख्खी वस्ती एका बोटीतून पलीकडे देवीच्या उत्सवाला गेली, ती तापाने मागे राहिली. वादळ झालं. बोट आली नाही. तेव्हापासून ती सातही चुली पेटवते.

"शेजारच्या देशाचं टेहळणीचं विमान फसावं, इथे वस्ती दिसावी म्हणून?"

"विमानाचं मला काय! चूल थंड दिसली तर मामी बोलेल."

त्याला सोडून गेलेली बोट परत न्यायला येईपर्यंत तो तिच्याबरोबर लाकडं गोळा करू लागला. लाकडं गोळा करताना कायदा शिकवू लागला. समुद्राचा, युद्धाचा, राजदूतांचा...

"आणि साध्या माणसांचा, वकीलसाहेब?"

"तो शेवटचा धडा. परीक्षेला येत नाही."

ती खळखळून हसली. तो पुढचं विसरला.

"देशाला मान्यता मिळते म्हणजे काय होतं?" तिने एकदा विचारलं.

"दुसरा देश तसं जाहीर करतो. किंवा – बोलत काहीच नाही, नुसत्या वागण्यातून कळतं."

"अस्सं," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात तळलेल्या केळ्याचा मोठा तुकडा सरकवला. त्याचे कान तापले.

टोकाच्या घरातली चूल रोज आधीच पेटलेली असे. त्याला वाटे, ओदालिसने पेटवली. तिला वाटे, त्याने. एका सकाळी दोघांनी एकमेकांना विचारलं... दोघांपैकी कुणीच पेटवली नव्हती. त्या दिवसापासून ते त्या दारात नुसती लाकडं ठेवू लागले.

त्याला न्यायला बोट आली. अहवाल कोराच होता.

"मी खोटं लिहू शकत नाही," तो म्हणाला. "एकच बाई राहते, असं लिहावं लागेल. मग तुला इथून हलवतील. त्यापेक्षा... माझ्याबरोबर चल ना."

"मी गेले की ते मेले, असं ठरेल." तिने त्याची बाही पकडली होती. सोडत नव्हती. "तू जा. जायचं तर पटकन जा."

बोटीवरून तांडेल ओरडला, "साहेब, जागा दोघांचीच आहे! तुमच्यामागे उभेत ते सगळे येणार आहेत का?"

एव्हारिस्तोने मागे पाहिलं. वाळू. वारा. ओदालिसने पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

गुडघ्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं – वस्ती आहे. सही केली, अहवाल तांडेलाच्या हातात दिला आणि तिचा हात धरला.

"नाही," तो ओरडून म्हणाला. "आम्ही सगळे इथेच राहतो."